कागद उलटो घातलंस, इनास

इनास,

मशीन चालू आहे. हे आधी सांगते, कारण तू असतास तर पहिलं तेच विचारलं असतंस. पडवीतल्या टेबलावर, तुझ्या खुर्चीसमोर, हिरवा दिवा लावून तुझं फॅक्स मशीन बसलंय. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत तीन माणसांनी त्याच्या वायरीला हात घातला आणि तिघांचेही हात मी झटकले. त्यातला एक तुझा मुलगा होता.

हस, हस. जी बहीण पंचवीस वर्षं 'ही पेटी खाडीत बुडव' म्हणून तुझ्या कानीकपाळी ओरडत होती, ती आता त्याच पेटीवर राखणदारासारखी बसली आहे. वाडीतही हसतात. हसू देत. फादर परवा येऊन गेले. म्हणाले, "मार्थाबाई, देवाची इच्छा. आता शांत राहा." मी म्हटलं, फादर, पस्तीस वर्षं पहिलीच्या पोरांना 'शांत बसा' सांगितलं, एकदाही कुणी बसलं नाही, आणि त्यांचं काही वाईट झालं नाही. मी का बसू? त्यांनी चहा घेतला आणि गेले. मला राग आलाय, इनास. देवाचा थोडा, तुझा पुष्कळ, आणि उरलेला सगळा माझा स्वतःचा. तो कशाचा, ते सांगायलाच बसलेय.

तू जहाजावरून कायमचा परत आलास तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं कुठल्याशा बंदरात दोर ओढायच्या विंचमध्ये सोडून आला होतास आणि बॅगेत कपड्यांत गुंडाळून हे मशीन आणलं होतंस. मी विचारलं, हे कशाला? तू म्हणालास, "वाडयेक लागतला." आणि खरंच लागलं. तेव्हा आपल्या वाडीत दोन घरांआड एक माणूस जहाजावर. कुठलं जहाज, कुठलं बंदर, कधी हजर व्हायचं, हे सगळं मुंबईच्या एजंटाकडून कागदावर यायचं. त्या कागदाला सगळे 'जॉइनिंग' म्हणायचे. पोस्टाने तो मालवणात येईपर्यंत कधीकधी जहाज सुटलेलं असायचं. तुझ्या मशीनमुळे तो ज्या दिवशी निघाला त्याच दिवशी आपल्या पडवीत यायला लागला.

फोन करून 'या, न्या' असं तू कुणाला सांगितलं नाहीस. स्वतः चालत नेऊन द्यायचास. आणि देण्याआधी तुझा तो रिवाज: आपल्यातल्या कुणाचा असेल तर कागद वाडीतल्या खुरसाच्या, त्या दगडी क्रुसाच्या, पायाला लावायचा, हिंदूंच्या घरचा असेल तर देवळाच्या पायरीला. मी म्हणायचे, तू काय पोस्टमन आहेस की पुजारी? तू म्हणायचास, "माणूस पाण्यार जाता गो. वायच हात लावून घेतलेलो बरो."

पण माणूस म्हणून तू सरळ होतास असं मी लिहिणार नाही. मशीनच्या बाबतीत तू हुकूमशहा होतास. खाऱ्या हवेने ते वर्षा-दोन वर्षांत कुरकुरायला लागलं. त्याच्या छोट्या पट्टीवर इंग्रजीत काही ना काही उमटायचं, आणि प्रत्येक वेळी तू डॉक्टरासारखा चेहरा करून त्याच्यासमोर बसायचास. मग एक वही केलीस. शंभर पानी, रेघांची, माझ्याच शाळेच्या कपाटातली. तिच्यात मशीनचा प्रत्येक रोग आणि त्यावरचा उपाय. आत्ता माझ्या मांडीवर आहे ती. ऐक, तुझंच तुला वाचून दाखवते.

"कव्हर ओपन : कव्हर बंदच आसता. मशीन खोटा बोलता. डाव्या बाजून एक थापट."

"पेपर जॅम : कागद ओढू नको. कव्हर उघड, वायच थांब, मगे काढ. रागान ओढलंस तर फाटता. ह्या मार्थाक वाचून दाखव."

"कॉम एरर : पलीकडचो माणूस घाईत आसा. परत लाव."

"ओव्हर हीट : मशीन तापला. चाय पी."

आणि एका पानावर नुसतं, "मुंगयो. साखर खंय सांडली ता शोध." मी सवयीने या वहीत लाल पेनाने दुरुस्त्या केल्या, वाक्यं प्रमाण मराठीत करून ठेवली. तुला इतका राग आला की वही तू उचलून तुझ्या ट्रंकेत ठेवलीस, आणि त्यानंतर तिचं पुढचं एकही पान मला दिसलं नाही. शिक्षिकेला वही नाकारणारा विद्यार्थी मी तुझ्याशिवाय दुसरा पाहिला नाही.

आता दत्ताची गोष्ट. ती तू हजार वेळा सांगितलीस, आज मी सांगते.

दत्ता माझाच विद्यार्थी. घरचा एकटा कमावता, पहिल्यांदाच जहाजावर जायचा होता. त्याचं जॉइनिंग येणार होतं, आणि त्या दिवशी तू लग्नाला तारकर्लीला गेला होतास. रोल संपला. या मशीनचा कागद एकाच बाजूला छापला जातो, कारण त्या बाजूला मसाला लावलेला असतो, आणि रोल उलटा बसला तर मशीन छापतंय असं वाटतं पण कागद कोराच बाहेर येतो. हे तू मला शिकवलं होतंस. नखाने ओरखडा ओढायचा, काळी रेघ उमटली तर ती खरी बाजू. मी नवा रोल घातला. दुपारी मशीनने किर्रर्र करत कागद ओकला. कोरा, पांढरा शुभ्र. शुक्रवारची दुपार होती. एजंटाचं ऑफिस बंद झालं ते सोमवारपर्यंत. दत्ताची आई आपल्या पायरीवर बसून राहिली. सोमवारी एजंटाने कागद पुन्हा पाठवला, आणि दत्ता त्याच संध्याकाळच्या गाडीने निघून कसाबसा जहाजावर पोचला.

तू म्हणालास, "मार्था, रोल तू उलटो घातलंस." मी म्हटलं, एजंटाच्या माणसाने कागद उलटा घातला असेल. त्या दिवसापासून हा खटला सुरू झाला. लग्नात, बारशात, खुरसासमोर लादिनीची प्रार्थना गायला सगळे जमले असताना, कोणाचाही विषय निघो, तू घसरून तिथेच यायचास. आणि त्या दिवसापासून मला रोलाला हात लावायची बंदी. "मार्था, तू रोलाक हात लावू नको. तू उलटो घालतंस." पंचवीस वर्षं! मीही हटले नाही. एजंटाचीच चूक, एजंटाचीच चूक, असं मी इतक्या ठणकावून सांगायचे की शेजारणी माझ्या बाजूने तुझ्याशी भांडायच्या.

मग मोबाइल आले. पोरांची जॉइनिंग मोबाइलवर यायला लागली. वाडीला मशीन लागेनासं झालं, पण तू ते सोडलं नाहीस. विजेच्या ऑफिसला तक्रार फॅक्सने, ग्रामपंचायतीला अर्ज फॅक्सने, आणि त्यांचं मशीन बंद असेल तर आधी ते चालू करा म्हणून फोन. मी म्हणायचे, मोबाइलवर पाठव की. तू मशीनमधून निघालेली ती छोटी चिठ्ठी माझ्या नाकासमोर नाचवायचास. कुठल्या नंबरावर, किती वाजता, किती पानं, आणि खाली 'रिझल्ट : ओके'. "मोबाइलार लोक म्हणतत, बघूक नाय. ह्या बघ. ओके इला म्हणजे पोचला. आता ना म्हणान दाखवा." प्रत्येक अर्जाला त्याची चिठ्ठी टाचणीने लावून तू ठेवलीस. जगाने 'पोचलं नाही' म्हणू नये म्हणून तू केवढा आटापिटा करायचास.

आणि आता शेवटचा आठवडा.

छातीत दुखायला लागलं, गोव्यातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तुझा विल्सन पुण्याहून आला आणि तुला घेऊन निघाला. माझा गुडघा सुजलेला, म्हणून मी मागे राहिले. निघायच्या आदल्या दिवशी मशीनमध्ये कॉम एरर येत होता आणि तू छातीवर हात ठेवून त्याच्याशी झगडत होतास. गाडीत बसताना म्हणालास, "थंयसून एक टेस्ट धाडतंय. मशीन बंद करू नको. आणि रोल संपत इलोहा, पण तू हात लावू नको." मी म्हटलं, "आधी बरो होऊन ये. मगे तुझी ही पेटी खाडयेत बुडवूया." समोरासमोरचं आपलं शेवटचं बोलणं हे. काय शोभेचं बोलणं!

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन वाजायला लागलं. पट्टीवर 'पेपर आउट'. रोल संपला होता. मी हात लावला नाही. मुद्दाम लावला नाही, इनास. 'मार्था उलटो घालता ना? मगे पडू दे तसाच', असं म्हणून मी त्या पिपाणी वाजवणाऱ्या मशीनवर उशी ठेवली आणि भाकऱ्या थापायला गेले.

संध्याकाळी तुझा फोन.

"फॅक्स गावलो?"

खरं सांगितलं असतं तर रोलाचं पुराण सुरू झालं असतं, आणि सकाळी तुझं ऑपरेशन. मी म्हटलं, "गावलो, गावलो."

"वाचलंस?"

"वाचलंय."

"मगे? काय म्हणतंस?"

"काय म्हणतलंय? बरा आसा."

तुझा आवाज एकदम बसला. मग म्हणालास, "नक्की?"

"नक्की रे बाबा. नीज आता."

"बरा," म्हणालास, आणि फोन ठेवलास. सकाळी तुला आत नेलं. दुपारी विल्सनचा फोन आला.

तुझं दफन झाल्यावर दुसऱ्या दिवशी विल्सनने तुझी बॅग उघडली. चष्मा, जपमाळ, लुंगी. निळ्या शर्टाच्या खिशात एक छोटी चिठ्ठी. आपला नंबर. एक पान. रिझल्ट : ओके. तेव्हा मला तुझे प्रश्न आठवले. टेस्टचा कागद असतो तेव्हा कुणी 'वाचलंस?' विचारतं का? 'काय म्हणतंस?' विचारतं का? तू काहीतरी विचारलं होतंस, इनास. आणि मी न वाचता 'बरा आसा' म्हणून टाकलं होतं. मी कशाला हो म्हटलं, तेच मला माहीत नव्हतं.

उशी काढली. मशीन अजून मधूनमधून पिपाणी वाजवत होतं. दुसरा छोटा दिवा लुकलुकत होता, मेमरीचा. कागद नसला की आलेला फॅक्स मशीन पोटात ठेवतं. वही तुझ्या ट्रंकेतून काढली आणि लाल पेनाच्या पानांच्या पुढचं पान सापडलं: "मेमरी : कागद घातल्याबरोबर छापता आणि इसारता. एकदाच. लाइट गेली तरी इसारता, वायच येळान."

म्हणजे तुझा कागद आत होता. तो एकदाच बाहेर येणार होता. आणि त्यासाठी रोल घालायचा होता मी.

हे मी समजून घेत होते तोवर विल्सन आला आणि त्याने वायरीला हात घातला. "आंटी, ह्या आवाजाने डोकं फुटतंय. बंद करतो." मी त्याच्या मनगटावर फटका मारला, पहिलीतल्या पोराला मारते तसा. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, पुण्यात मोठ्या हुद्द्यावर. त्याने मनगट चोळलं. मग म्हणाला, "पप्पाच म्हणत होते वॉर्डात. आता मार्थाचं ऐकतो, मशीन काढून टाकू, फोनची लाइनही परत करू." मी म्हटलं, तुझे पप्पा असं बोलणारच नाहीत, तुला भूल दिली होती की त्यांना?

त्यात विजेच्या ऑफिसचा माणूस सांगून गेला, उद्या दहापासून संध्याकाळपर्यंत लाइट बंद, तारांवरच्या फांद्या तोडायच्यात. ज्या फांद्यांसाठी तू चार फॅक्स केलेस, त्याच. मेल्यावर तुझं ऐकलं त्यांनी, आणि तेही नेमकं तुझा कागद आत अडकलेला असताना.

त्या रात्री एकटीने रोलाला हात लावायचा धीर झाला नाही, म्हणून मी दत्ताला फोन केला. आता पन्नाशीला आलाय, जहाज सोडून तारकर्लीला पर्यटकांसाठी चार खोल्या चालवतो. सकाळी नऊला टेम्पोत घालून आपला इन्व्हर्टर घेऊन आला. लाइट गेली की पाहुण्यांना पंखा नाही, तसंच बसवून आला. मी संकोचले तर म्हणाला, "बाईंनू, माझा जॉइनिंग ह्याच मशिनीर इला. पावणे वायच घाम काढतले, मरणत नाय."

जोडणी झाली. आता रोल. तू तीन रोल उष्णतेपासून राखायला तांदळाच्या पिंपात पुरून ठेवले होतेस, कारण आता ते बाजारात मिळत नाहीत. दोन काळवंडले होते. एक चांगला निघाला. तो हातात घेऊन मी नुसता उलटसुलट फिरवत बसले. दत्ता म्हणाला, मी घालू? मी नाही म्हटलं. तू सगळ्या वाडीसमोर ज्या हातांना नावं ठेवलीस, त्याच हातांनी घालायचा होता मला. नखाने ओरखडा ओढला. काळी रेघ. पुन्हा ओढला. पुन्हा काळी. उलट्या बाजूला ओढला, काही नाही. रोल बसवला, काढला, परत तपासला, परत बसवला. मग येशूचं नाव घेतलं आणि कव्हर लावलं. मशीन म्हणालं, 'कव्हर ओपन'. मी डाव्या बाजूने एक थापट मारली.

किर्रर्र झालं. कागद आला.

कोरा.

मला वाटलं मी पुन्हा तेच केलं. पंचवीस वर्षं तू जे म्हणत होतास ते खरं करून दाखवलं, तुझे शेवटचे शब्द या हातांनी पुसले, आणि आता मशीन ते विसरलंही. मी तुझ्या खुर्चीत बसले आणि रडले. तू गेल्याच्या दिवशी रडले नव्हते तेवढी.

मग दत्ता वाकून म्हणाला, "बाईंनू, वर बघा. ओळ आसा."

होती. कागदाच्या अगदी वरच्या काठाला, बारीक अक्षरांत. तारीख, वेळ, गोव्याचा नंबर, पान एक. रोल उलटा असता तर ती ओळसुद्धा उमटली नसती. माझा रोल सुलटा होता, इनास! कागद तू उलटा घातला होतास!

मी त्या नंबरावर फोन लावला. आधी त्याच्या मशीनने माझ्या कानात किंकाळी फोडली, मग माणूस आला. हॉस्पिटलसमोरचं झेरॉक्सचं दुकान. त्याला तू आठवत होतास. "व्हय, एका हाताक दोन बोटां नाशिल्लो तो. म्हाका मशिनीक हात लावूंक दिलो ना. म्हणपाक लागलो, हांव पंचवीस वर्सां हेंच काम करतां." मी विचारलं, तुझ्या मशीनमध्ये कागद कसा घालतात? म्हणाला, अक्षरं वर. आपल्या मशीनमध्ये अक्षरं खाली. तू परमुलखातल्या मशीनमध्ये घरच्यासारखा कागद घातलास, त्या माणसाला हातही लावू दिला नाहीस, आणि ओकेची चिठ्ठी खिशात घालून ऐटीत परत गेलास. मशीनचा काय दोष? एक पान मिळालं, एक पान पोचवलं. कोरं असलं तरी पान ते पानच.

मी विचारलं, कागदावर काय होतं? म्हणाला, वाचलं नाही, पेन्सिलीने दोन ओळी होत्या, घडी घालून तू घेऊन गेलास. तो कागद बॅगेत नव्हता. विल्सनने वॉर्डात फोन करून विचारलं, तिथेही नाही. गेला.

दोन ओळी. तुझी टेस्ट एकाच ओळीची असते. 'टेस्ट. गावलो तर कळय.' मग दुसरी कसली?

कोऱ्या कागदाचं काय करायचं म्हणून मी वहीत शोधलं. शेवटून तिसऱ्या पानावर सापडलं. शाई जुनी आहे, दत्ताच्या त्याच वर्षातली.

"कोरो कागद इलो तर : वर नंबराची ओळ आसली तर धाडणाऱ्यान उलटो घातलो. ओळ पण नसली तर आपलो रोल उलटो. दत्ताच्या कागदार ओळ नाय होती. मार्थाक सांगूचा नाय."

मी ते तीनदा वाचलं. मग दत्ताकडे पाहिलं. तो मान खाली घालून इन्व्हर्टरची वायर गुंडाळत होता. म्हणाला, "माका म्हायत होता, बाईंनू. इनासान ताकीद दिलेली."

तर आता माझं ऐक. मलाही माहीत होतं. त्या शुक्रवारी तू घरी यायच्या आधीच मी रोल काढून नखाने पाहिला होता आणि सुलटा करून घातला होता. दत्ताच्या आईला पायरीवर बसलेली पाहिलं, आणि 'माझ्याकडून झालं' हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. नंतर ते जास्तच जड होत गेले. म्हणजे पंचवीस वर्षं तुझ्याकडे पुरावा होता आणि तू तो काढला नाहीस. मला रोज छळलंस, पण खोटं पाडलं नाहीस. एका कागदावर बोट ठेवून सगळ्या वाडीसमोर माझं तोंड बंद करता आलं असतं तुला. तू भांडण चालू ठेवलंस. मला असा कुणी जीव लावला असेल हे मला सासष्टाव्या वर्षी, तुझ्या ट्रंकेतल्या वहीतून कळावं? जिवंतपणी सांगायला काय झालं होतं तुला? आणि मला?

विल्सन म्हणतो ते खरं असेल, तर तुझी दुसरी ओळ मला कळली आहे. तू हार मानलीस. 'तुझा खरा, मशीन काढूया', असलंच काहीतरी. आणि म्हणून 'नक्की?' विचारलंस. आणि मी, ती पेटी खाडीत बुडवायला निघालेली मी, 'नक्की रे बाबा' म्हणाले. तू मशीन माझ्यासाठी सोडायला तयार झालास, आणि मी कसलाही विचार न करता ते घेतलं. तुझा आवाज तेव्हा का बसला ते आता कळतं.

दुसरंही काही असू शकेल. नसेलही. पण तू असा घाबरून, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, पेन्सिलीने दोन ओळींत पंचवीस वर्षांचं भांडण सोडून जाणार, आणि मी ते सोडू देणार? मला मान्य नाही. मी 'बरा आसा' म्हटलं ते न वाचता म्हटलं, ते मी परत घेते.

काल सकाळी मी झेरॉक्सवाल्याला फोन केला. म्हटलं, एक फॅक्स पाठवतेय, घ्याल का? तो म्हणाला, "धाड गो बाय, हांव मशीन चालू दवरतां." कोणाला, कशासाठी, काही विचारलं नाही. बरा माणूस आहे, त्याच्या मशीनवर रागावू नकोस.

कागद घेतला. वर तुझं नाव लिहिलं आणि खाली ठळक, फळ्यावर लिहिते तशा अक्षरांत, दोन ओळी. तुझ्याच भाषेत लिहिल्या, लाल पेनाने दुरुस्त केल्या नाहीत.

दत्ताचो रोल मीच उलटो घातलंय.

मशीन काढूचा नाय.

खुरसापर्यंत लंगडत गेले आणि कागद त्याच्या पायाला लावून आले. मग अक्षरं खाली करून घातला. तपासलं. परत तपासलं. नंबर लावला. मशीनने त्याच्या मशीनला हाक मारली, त्याने ओ दिली, कागद आत सरकत सरकत गेला. मग छोटी चिठ्ठी बाहेर आली. एक पान. रिझल्ट : ओके.

तुझ्या खिशातली चिठ्ठी आणि ही, दोन्ही मी वहीत एकाच टाचणीने लावल्या आहेत. ओके आलं म्हणजे पोचलं. आता नाही म्हणून दाखव.

विल्सन काल पुण्याला गेला. जाताना त्याने वायरीकडे पाहिलंसुद्धा नाही. रोल अर्धा शिल्लक आहे आणि तो सुलटा आहे. तुला उलट बोलायचं असेल तर बोल. आपला नंबर तोच आहे.

मार्था